मागणीचा परिच्छेद

माझी नात गुरुग्रामच्या एका खासगी महाविद्यालयात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना अभ्यासाची प्रेरणा देण्याचा एक कार्यक्रम केला आणि पालकांनाही सन्मानपूर्वक बोलावले. गालाला मायक्रोफोन चिकटवलेला एक तरुण व्यासपीठावर येरझाऱ्या घालत होता. त्याने सभागृहभर मुलांना उभे केले, शेजाऱ्याच्या तळहातावर टाळी द्यायला लावली आणि 'मी करू शकतो' असे तीनदा म्हणवून घेतले. काय करू शकतो, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. दाराशी अंगठा टेकवायचे यंत्र होते. बाहेर पडताना अंगठा टेकवला की दोन दिवसांची हजेरी मिळणार होती. मुले त्या यंत्राला भेटायला आली होती आणि मधला तास त्यांनी सहन केला होता.

घरी परतल्यावर मी प्राचार्यांना सहा पानी पत्र लिहिले. त्यात वस्तुस्थिती, आक्षेप, लागू असलेले नियम आणि शेवटी क्रमांक घालून अकरा मागण्या होत्या. उत्तर आले नाही. स्मरणपत्र लिहायला बसलो, तेव्हा नातीने मूळ पत्राची प्रत उचलून वाचली.

"आजोबा, तुम्ही पण ना! अच्छा, अकरा मागण्या आहेत. पण यार, यात तुम्हाला नक्की हवंय काय?"

एवढे बोलून ती फोनकडे वळली. मी लेखणी खाली ठेवली. हा प्रश्न मला यापूर्वी तीनदा विचारला गेला होता, त्यांतला दोनदा एकाच माणसाकडून, आणि एकदाही मी धड उत्तर देऊ शकलो नव्हतो.

तो माणूस मला कायदा शिकवीत असे. दिल्लीतल्या एका सायंकालीन महाविद्यालयात आमचा वर्ग सहा वाजता भरे. वर्गातले बहुतेक सगळे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या मंत्रालयांतले कारकून होते. दिवसभर फाइली उपसून, बसच्या दांड्याला लोंबकळत आम्ही येत असू. बाकावर रिकामा डबा ठेवायचा, त्यावर कोपर आणि कोपरावर डोके. कायद्याशी कोणाचे वैर नव्हते आणि प्रेमही नव्हते. पदवी मिळाली की बढतीचा अर्ज करता येत असे, आणि पदवीसाठी परीक्षेला बसायचे तर ठरावीक हजेरी लागे. एक जण पाच जणांच्या वतीने पाच आवाजांत 'येस सर' म्हणत असे आणि पाचही आवाज त्याला उत्तम साधले होते.

सर वर्गावर आले त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी हजेरीपट मिटून ठेवला. अंगात कोपरांवर झिजलेला कोट, कानावर सुतारासारखी खोचलेली लाल पेन्सिल. त्यांनी वर्गाला हिंदीत विचारले, "आज किस किस का झगड़ा हुआ?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. सर म्हणाले, "तीस-चालीस लोग हैं, दिल्ली शहर है, और आज किसी का किसी से नहीं वाजलं?"

शेवटचा शब्द मराठी होता. वर्गात तो समजणारा मी एकटाच. सर मूळचे वऱ्हाडातले. त्यांची हिंदी स्वच्छ होती आणि इंग्रजी न्यायालयात शोभेल अशी. पण मनापासून बोलू लागले की मधेच एखादा मराठी शब्द निसटत असे.

त्यांचा नियम सरळ होता. जो विद्यार्थी आपले खरेखुरे भांडण घेऊन येईल आणि ते वर्गापुढे मांडील, तो हजर. जो दुसऱ्याच्या भांडणात पक्ष घेऊन बोलेल, तोही हजर. जो नुसता बाकावर बसेल, तो गैरहजर. तशी नोंद ते लाल पेन्सिलीने पटावर करीत.

आम्हाला पहिल्यांदा हा विनोद वाटला. पण पंधरा दिवसांत वर्गात डोके टेकवणारा शोधून सापडेना. कोणाच्या वरच्या मजल्यावरचा कूलर खालच्याच्या खाटेवर ठिबकत होता. कोणाची अर्जित रजा साहेबाने अडवली होती. कोणा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहणाऱ्याला घरमालकाने गच्चीवर कपडे वाळत घालायची मनाई केली होती. सर ते भांडण फळ्यावर मांडीत आणि पुस्तकातले कलम त्यातूनच बाहेर काढीत. कपडे वाळत घालण्यावरून त्यांनी आम्हाला वहिवाटीचा हक्क इतका पक्का शिकवला, की आजही ओला टॉवेल पाहिला की मला तो अधिनियम आठवतो.

त्यांची दुसरी खोड अशी, की भांडण आणणाऱ्याला ते स्वतःची बाजू मांडू देत नसत. "तुमची बाजू तुम्हाला पाठ आहे. आता तुम्ही घरमालक. बोला."

आमच्यात एक चौधरी होता. आज जिथे मोटारींचे कारखाने उभे आहेत, त्या मानेसरजवळच्या खेड्यातला. त्याचे थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून चालू होते, आणि आठवडेच्या आठवडे तो तेच भांडण आणी व हजेरी घेऊन जाई. एकदा सरांनी त्याला भावाच्या जागी उभे केले. चौधरी आधी हसत बोलला. मग आवाज उतरला. भावाने बापाच्या आजारपणात एकट्याने शेत कसे केले, हे तो भावाच्या तोंडून सांगू लागला आणि मधेच थांबला. रुमालाने तोंड पुसून म्हणाला, "सर जी, बात तो भाई की भी ठीक है।"

पुढच्या सोमवारी तो गुळाची ढेप घेऊन आला. भावाशी समेट झाला होता. सरांनी ढेपेकडे पाहिले नाही. पट उघडून म्हणाले, "समझौता हो गया? बहुत अच्छा। तो आज आप ग़ैरहाज़िर।"

"यह तो ज़ुल्म है, सर जी!"

"ज़ुल्म है? किस क़ानून में? खड़े होकर बताइए।"

चौधरी अर्धा तास तावातावाने बोलला. शेवटी सरांनी त्याला हजर लावले, आणि मग गूळ सगळ्या वर्गाने खाल्ला.

मी मात्र गैरहजर होतो. रोज येत होतो, पहिल्या बाकावर बसत होतो, शब्दन् शब्द उतरवून घेत होतो आणि पटावर माझ्या नावापुढे लाल फुली पडत होती. माझे वडील सैन्यात सुभेदार. मी दिल्लीच्या छावणीत वाढलो. साहेबापुढे तोंड उघडायचे नाही, मिळेल ते घ्यायचे आणि सलाम करायचा, हे मी चालायच्या आधी शिकलो असेन. कार्यालयात मी आवक-जावक विभागात होतो. तिथेही माझ्याकडे आलेला कागद मी निमूटपणे पुढे पाठवीत असे. माझे कोणाशी वाजत नसे. घरी बायकोही म्हणायची, "तुमच्याशी भांडायचं म्हटलं तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात."

एकदा मी बनावट भांडण नेले. बस कंडक्टरने मला थांब्याच्या पुढे नेऊन उतरवले, असे सांगितले. सरांनी तीन प्रश्न विचारले. कितव्या नंबरची बस? कोणता थांबा? किती वाजता? मग पेन्सिल कानावर ठेवून मराठीत म्हणाले, "ती बस त्या रस्त्याने जात नाही. मी रोज तिथेच उतरतो. बसा."

वर्षअखेर परीक्षेला बसू न शकणाऱ्यांची यादी लागली. तीत माझे नाव होते. माझ्या कार्यालयात विधी सहायकाची जागा निघणार होती, तिला पदवी हवी होती, आणि पुढच्या वर्षी मी वयाची मर्यादा ओलांडणार होतो. म्हणजे हे वर्ष गेले असते तर उरलेली नोकरी मी दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारीत काढली असती. यादीतले बरेच जण सरांना भेटले, गयावया करून कसले तरी भांडण सांगून सुटले. मला तेही जमेना. मग मी जेवणाच्या सुट्टीत टंकयंत्रावर बसलो आणि आयुष्यातला पहिला तक्रारअर्ज लिहिला. प्राचार्यांना उद्देशून, इंग्रजीत, तीन पाने. शारीरिक उपस्थिती हीच हजेरी असे नियम म्हणतो; सदर प्राध्यापक नियमबाह्य अट घालून मनमानी करतात; सबब अर्जदाराचे अपरिमित नुकसान होत आहे.

दुसऱ्या पक्षाला ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये, हे सरांनीच शिकवले होते. म्हणून अर्ज देण्याआधी त्याची प्रत घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत गेलो. सरांनी चष्मा लावून पहिले पान वाचले आणि खुर्चीत ताठ झाले.

"काऊन हो, हे तुम्ही लिहिलं?"

"हो, सर."

"स्वतः?"

"हो, सर."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मला वाटले, आता अर्ज फाडतील. त्यांनी तिसऱ्या परिच्छेदाखाली रेघ ओढली. "मनमानी म्हणता. सिद्ध कसं कराल? तारखा द्या. तुमच्याकडे वह्या आहेत, प्रत्येक तासाची टिपणं आहेत. वर्गात बसल्याशिवाय ती कुठून आली? हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आणि तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाही!"

"सर, हा अर्ज तुमच्याविरुद्ध आहे."

"दिसतंय ना बाप्पा. म्हणून काय कच्चा ठेवायचा? माझ्या विद्यार्थ्याचा कच्चा अर्ज माझ्याविरुद्ध गेला, तर दोन्हीकडून माझीच अब्रू जाते."

अर्धा तास ते माझा अर्ज माझ्याच बाजूने दुरुस्त करीत होते. एक चुकीचा नियम काढला, योग्य तो घातला. विशेषणे छाटली. शेवटच्या पानावर येऊन थांबले. सही होती, सहीच्या वर काहीच नव्हते. तिथे त्यांनी लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. त्या सगळ्या इंग्रजी कागदावरचा तो एकटा मराठी शब्द: 'मागणी?'

"तुम्हाला हवंय काय?"

"न्याय, सर."

"न्याय काय कपाटात असतो? काढून हातात काय ठेवायचं ते सांगा. हजेरी हवी असेल तर हजेरी लिहा. मी जायला हवा असेन तर तसं लिहा, मला राग नाही. पण मोकळं सोडू नका. अर्जदाराने मोकळी सोडलेली जागा समोरचा आपल्या मनाने भरतो."

मग त्यांनी पट ओढला आणि त्या दिवसापुढे माझ्या नावावर पहिल्यांदा हजर अशी खूण केली. "आज वाजलं तुमचं. आता रोज भांडा. या, अर्जदार."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'अर्जदार' झालो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज पुन्हा टंकित केला. सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि बोटांनी आपोआप ते वाक्य उमटवले, जे मी रोज पन्नास पत्रांखाली उमटताना पाहत होतो: 'तरी आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

बोटांची सवय, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. मी थांबलो होतो. 'मला हजेरी द्यावी' हे तीन शब्द माझ्या मनात तयार होते. पण मागायची मला लाज वाटली. आपण मागायचे नाही, साहेबाने ओळखून द्यायचे, हे छावणीतले शिक्षण त्या क्षणी माझ्या कायद्याच्या शिक्षणापेक्षा बलवान ठरले.

तीन सदस्यांची समिती बसली. प्राचार्य मधे होते. सरांना विचारण्यात आले की त्यांचे म्हणणे काय. सर उभे राहून म्हणाले, "अर्जातली प्रत्येक वस्तुस्थिती खरी आहे. मी स्वतः तपासली आहे." एक सदस्य हसला. प्राचार्य हसले नाहीत. सरांच्या भांडणांच्या वर्गाचा आवाज त्यांच्या खोलीपर्यंत जात असे आणि त्यांना तो फार दिवस खुपत होता, हे मला नंतर कळले. ते माझ्याकडे वळले.

"आपको क्या चाहिए?"

अजूनही वेळ होती. सर माझ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ किंचित हलले, तोंडी परीक्षेत परीक्षक अडलेल्या विद्यार्थ्यासाठी हलवतो तसे.

मी म्हणालो, "जो आप उचित समझें, सर।"

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तास संपल्याची घंटा झाली आहे आणि धडा पोचलेला नाही, हे कळलेल्या मास्तराचा थकवा होता. तो थकवा मी आज आरशात ओळखतो.

समितीने तिला योग्य वाटली ती कार्यवाही केली. यादीत उरलेल्या सगळ्यांना सरसकट हजेरी मिळाली. सरांना वर्गावरून काढून ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची करायला बसवण्यात आले. सत्र संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ तासभर टिपणे सांगत आणि आम्ही डोळे मिटूनही ती उतरवून घेऊ शकत असू. डबे पुन्हा बाकांवर आले, डोकी डब्यांवर. 'येस सर' म्हणणाऱ्याला त्याचे पाचही आवाज परत मिळाले.

चौधरीने मला दारात गाठले. "तूने माँगा क्या था?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

"तो वही मिला सबको," तो म्हणाला आणि पदवी मिळेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मला जागा मिळाली. विधी सहायकाचा विधी अधिकारी झालो. भांडायलाही शिकलो, जरा जास्तच. पाण्याच्या टाकीपासून पदपथावरच्या जनरेटरपर्यंत कशावरून तरी मी ज्याला पत्र लिहिले नाही, असे कार्यालय या शहरात थोडे असेल. प्रत्येक पत्रात शेवटी मागण्या असतात, क्रमांक घालून. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द माझ्या हाताखालच्या कोणाच्या मसुद्यात दिसले तर मी कागद परत पाठवीत असे, आणि लोक म्हणत, म्हातारा विक्षिप्त आहे.

निवृत्तीच्या सुमारास एका रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहाच्या उपाहारगृहात थालीपीठ खायला गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर सर होते. कोट नव्हता, स्वेटर होता. पेन्सिल होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि नाव सांगणार, तोच ते म्हणाले, "बसा, अर्जदार. दर रविवारी येतो मी इथे, एरवी इथूनच डबा मागवतो. भाकरी मऊ असते, दातांना झेपते."

इकडचे तिकडचे बोललो. जे बोलायचे होते ते बोलता आले नाही. पुढच्या रविवारी मी ते लिहून नेले. चार पाने, मराठीत. त्यात सगळे होते: माझी पार्श्वभूमी, अर्ज, समिती, प्राचार्यांचा पूर्वग्रह, माझ्या चुकीचे नेमके स्वरूप आणि मर्यादा. सरांनी ताट बाजूला सारून चारही पाने वाचली. शेवटच्या पानावर सहीच्या वर त्यांची पेन्सिल थांबली आणि अक्षर आता थरथरते होते तरी शब्द तोच उमटला. 'मागणी?'

"मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "वस्तुस्थिती बिनतोड. पण हा माझ्यापुढे ठेवलाय कशाला? तुम्हाला हवंय काय?"

मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. तोंडाशी आले होते. शेजारी लोक ताटे घेऊन उभे होते. वाढपी म्हणाला, "साहेब, झालं असेल तर जरा टेबल द्या ना."

"दुरुस्त करून आणतो, सर," मी म्हणालो.

"आणा. पण मुदत पाळा, अर्जदार. मुदत गेली की दावा खरा असूनही बुडतो, हे मी शिकवलं होतं. त्या दिवशी तुम्ही गैरहजर नव्हता."

पुढचा रविवार मी एका पत्राच्या मसुद्यात घालवला. महापालिकेला होते, तातडीचे वाटले होते. त्यानंतरच्या दोन रविवारी सर दिसले नाहीत. तिसऱ्या रविवारी वाढप्याला विचारले. तो म्हणाला, "पेन्सिलवाले काका ना? गेले ते. मुलगा येऊन सांगून गेला, डबा बंद करा म्हणून."

ती चार पाने माझ्याकडे आहेत. नातीने विचारल्यावर मी फाइल काढली आणि तिला ती वाचायला दिली. तिला काही शब्दांचे अर्थ विचारावे लागले. वाचून झाल्यावर तिने लाल अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाली, "आजोबा, मग लिहा ना. एकच ओळ तर आहे."

प्राचार्यांना लिहायचे स्मरणपत्र मी बाजूला ठेवले आहे. त्या अकरा मागण्यांतून एक निवडणार आहे: मुलांना भांडू द्या. ते उद्या.

आज हे आधी. सर, मुदत उलटून फार काळ झाला आहे. विलंबाला सबळ कारण नाही. लाज हे कारण तुम्ही ग्राह्य धरले नसते. तरी विलंब क्षमापित व्हावा, आणि तो झाल्यास अर्जदाराची मागणी अशी: मला माफ करा. योग्य ती कार्यवाही नको. माफी हवी आहे.